पावणी, निविदा आणि मोजमाप पुस्तिका

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासाठी भरविण्यात आलेल्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



पंचायतीची बांधकामे ठेक्याने कशी दिली जातात, या विषयावर बोलावे असे मला सुचविण्यात आले, तेव्हा विषय फार रुक्ष आहे, लोक कंटाळतील, अशी भीती एकदोघांनी बोलून दाखविली. मला ती खरी वाटत नाही. देवळाच्या पावणीला जो उभा राहिलेला आहे, खाजनातल्या मानशीवर मासे धरण्याचा हक्क यंदा कोणाकडे जातो हे ज्याने कान देऊन ऐकले आहे, त्या गोमंतकीय माणसाला ठेका म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको. गावकरीच्या जुन्या व्यवस्थेपासून शेताचा, मानशीचा उपभोग उघड बोलीने देण्याची चाल आपल्याकडे चालत आलेली आहे. बोली मोठ्याने बोलावयाची, ती साऱ्या गावाने ऐकावयाची आणि पुकारा संपला की व्यवहार पक्का. नंतर कोणी कुरकुर केली तरी तिला अर्थ नसतो, कारण जे झाले ते सर्वांच्या देखत झालेले असते.

निविदा, म्हणजे ज्याला आपण घरीदारी टेंडर म्हणतो, ती याच पावणीची धाकटी बहीण आहे. परंतु या दोघींत एक मोठा भेद आहे, आणि आजचे माझे सगळे बोलणे त्या एका भेदाभोवतीच फिरणार आहे. पावणीत जास्तीत जास्त बोलणाऱ्याला वस्तू मिळते, निविदेत कमीत कमी मागणाऱ्याला काम मिळते, हा भेद तर उघडच आहे. पण त्याहून महत्त्वाचा भेद निराळा आहे. पावणीत जी वस्तू दिली जाते ती डोळ्यांसमोर असते. नारळाचा घड समोर असतो, शेत समोर असते, मानस समोर असते. निविदेत जी वस्तू घ्यावयाची असते ती अद्याप जन्मालाच आलेली नसते. मोरी, गटार, रस्ता, शाळेची संरक्षक भिंत ही त्या दिवशी केवळ कागदावर असतात. म्हणून पाकिटे उघडण्याचा दिवस कितीही चोख पार पडला तरी तेवढ्याने गावाचे हित साधले असे होत नाही. पाकिटे उघडण्यापूर्वी कागदावर काय लिहिले होते आणि काम झाल्यावर वहीत काय मोजून लिहिले गेले, या दोन गोष्टींवर पुष्कळसे अवलंबून असते. आपले लक्ष मात्र बहुधा मधल्या पाकिटांवरच खिळलेले असते. टेंडर कोणाला मिळाले, ही चर्चा हॉटेलात आठ दिवस चालते. टेंडर कशाचे होते, हे विचारणारा विरळा.

कायद्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि १९६२ च्या विनियमाने येथे ग्रामपंचायती आल्या. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आल्यावर १९९४ साली गोवा पंचायत राज कायदा झाला. राज्यातील १९१ ग्रामपंचायती आणि दोन जिल्हा पंचायती यांचा कारभार त्याच कायद्याखाली चालतो. पंचायत आपल्या घरपट्टीसारख्या उत्पन्नातून, राज्य सरकारच्या अनुदानातून आणि वित्त आयोगाच्या निधीतून कामे करते. पैसा कोणत्या थैलीतून येतो यावर काही अटी अवलंबून असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांना जे अनुदान सुचविले, त्यातील ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला होता. त्या पैशातून रंगमंच उभारता येत नव्हता, मग ग्रामसभेने कितीही आवेशाने ठराव केलेला असो.

काम देण्याच्या रीतीला मात्र, थैली कोणतीही असली तरी, साधारणपणे एकच चाकोरी आहे. सरकारी बांधकामाची पद्धत केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांवर व सार्वजनिक बांधकामाच्या संहितेवर आधारलेली आहे. हे नियम १९६३, २००५ आणि २०१७ साली नव्याने मांडण्यात आले. प्रशासकीय मान्यता, खर्चाची मंजुरी, सविस्तर आराखडा व अंदाजपत्रक, निधीची तरतूद, निविदा आणि कार्यादेश या साऱ्या पायऱ्या चढल्यावाचून कामाची पहिली कुदळ मारावयाची नाही, असा त्यांचा दंडक आहे. ‘एवढ्या कटकटी कशाला?’ असे सरपंच मंडळी पुष्कळदा म्हणतात. त्यांचा वैताग मी समजू शकतो, कारण पावसाळा कोणासाठी थांबत नाही. तथापि या पायऱ्यांतील एखादीच पायरी अशी आहे की जिच्यावर गावाने खरोखर थांबावे. ती म्हणजे अंदाजपत्रक.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका वाड्यावरून शाळेकडे जाणाऱ्या वाटेवर व्हाळ आहे आणि तेथे मोरी बांधावयाची आहे. अभियंता जागा पाहावयास येतो तो बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्या वेळी व्हाळात पाण्याचा टिपूस नसतो. तो आपल्या अनुभवाने नळाचा व्यास लिहितो, समजा ६०० मिलिमीटर. आषाढात त्याच व्हाळाचे पाणी कोणत्या झाडाच्या बुंध्यापर्यंत चढते, हे त्या वाड्यावरच्या म्हाताऱ्याला पाठ असते. पण त्याला कोणी विचारीत नाही आणि तोही आपण होऊन सांगत नाही. वास्तविक तेथे १२०० मिलिमीटरचा नळ हवा असतो. निम्म्या व्यासाचा नळ घातला म्हणजे पाण्याला निम्मी वाट मिळते असे आपल्याला वाटते. तसे नाही. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे पाण्याला मिळते ती चौथाई वाट. शिक्षकमंडळींनी हे गणित सातवी-आठवीच्या मुलांना फळ्यावर अवश्य करून दाखवावे. ते त्यांच्याच वाटेचे गणित आहे.

आता पुढे काय होते पाहा. निविदा नियमाप्रमाणे निघते, चार ठेकेदार दर देतात, सर्वांत कमी दराला काम जाते, ठेकेदार प्रामाणिकपणे लिहिलेला नळ लिहिलेल्या जागी बसवितो, देयक वेळेवर मिळते. कोठेही एका पैशाचा अपहार नाही. आणि जुलैमध्ये पाणी मोरीवरून वाहू लागते, कडेचा भराव खचतो, मुलांना चार-चार दिवस शाळेत जाता येत नाही. लोक ठेकेदाराला शिव्या देतात, सरपंचावर संशय घेतात. दोष मात्र अंदाजपत्रकातील एका ओळीचा असतो. कितीही स्वस्त आणि कितीही स्वच्छ निविदा त्या ओळीची चूक दुरुस्त करू शकत नाही. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आपल्या प्रदेशात तर अशी चूक फार महाग पडते.

म्हणून माझे सांगणे असे की, अंदाजपत्रक तांत्रिक मंजुरीला जाण्यापूर्वी ते ग्रामसभेत वाचून दाखवावे. रकमेचा एक आकडा सांगून टाळ्या घेऊ नयेत. किती मीटर लांब, किती रुंद, पाया किती खोल, चिऱ्याचे बांधकाम की काँक्रीट, नळ किती व्यासाचा, हे वाचावे. जानेवारी आणि एप्रिल या महिन्यांतील रविवारच्या ग्रामसभा याच कामाला यावयास हव्यात. जुलैच्या ग्रामसभेत मोरीवर बोलणे म्हणजे पाण्यात उभे राहून बोलणे.

निविदेच्या सूचनेविषयी आता थोडे. सरकारी जाहिराती आमच्या खात्यातून वृत्तपत्रांकडे जात असल्यामुळे हा भाग माझ्या रोजच्या परिचयाचा आहे. सूचना निघाल्यापासून दर देण्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत पुरेसा अवधी असावा लागतो. हा अवधी कशासाठी? दूरच्या तालुक्यातील ठेकेदाराला सूचना कळावी, त्याने जागा पाहावी, हिशेब करावा आणि मग दर भरावा, यासाठी. ज्या सूचनेची मुदत जेमतेम सणासुदीच्या सुट्टीपुरती असते, ती सूचना छापली जाते खरी, पण तिचा बोभाटा मुद्दामच होऊ दिलेला नसतो असे वाटल्यावाचून राहत नाही. हल्ली ठरावीक रकमेवरील कामांच्या निविदा संगणकावर निघतात. त्यामुळे पाकीट वाटेत अडविण्याचे, पेटीशी माणसे उभी करून दुसऱ्याला परतवून लावण्याचे प्रकार बंद होतात, हे त्या पद्धतीचे मोठे श्रेय मानले पाहिजे. तरीही पंचायतीच्या फलकावर सूचना मराठीतून किंवा कोकणीतून लावली, तर गावाचे काहीच बिघडणार नाही.

काम मोठे असेल तर खुली निविदा आणि लहान असेल तर काही निवडक ठेकेदारांकडून मागविलेली मर्यादित निविदा, असा भेद नियमांत आहे. २०१७ च्या नियमावलीत ही सीमारेषा पाच लाख रुपयांवर आखलेली होती. अशा सीमारेषा वेळोवेळी हलत असतात, म्हणून चालू आदेश गटविकास कार्यालयात विचारून घ्यावा. सीमारेषा कोठेही असो, तिच्या आत राहण्यासाठी एका कामाचे तुकडे करण्याचा मोह सर्वत्र दिसतो. बारा लाखांच्या एकाच रस्त्याची चार-चार लाखांची तीन कामे होतात: एक देवळापासून पिंपळापर्यंत, दुसरे पिंपळापासून विहिरीपर्यंत, तिसरे विहिरीपासून पुढे. तिन्ही कामांचे कार्यादेश एकाच आठवड्यातले आणि रोलरही एकच. वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी किंवा खुली निविदा टाळण्यासाठी काम विभागणे नियमाला धरून नाही. यावर ‘तातडी होती’ असे उत्तर देण्यात येते. दरड कोसळली, बांध फुटला, तर तातडी खरी. तिच्यासाठी नियमांत वाट आहे, मात्र कारणे लेखी नोंदवावी लागतात. निधी ३१ मार्चपूर्वी संपवावयाचा आहे, ही तातडी नव्हे.

आता पाकिटे उघडण्याच्या दिवसाकडे येऊ. ठरलेल्या वेळेनंतर आलेले पाकीट स्वीकारावयाचे नाही. इसाऱ्याची रक्कम किंवा आवश्यक नोंदणी नसलेली निविदा दराकडे न पाहता बाजूला ठेवावयाची. उरलेल्यांचे दर हजर ठेकेदारांसमोर वाचावयाचे, खाडाखोडीवर सह्या करावयाच्या आणि तुलनात्मक तक्ता तयार करावयाचा. इतके सरळ काम आहे. परंतु अटींच्या बाबतीत एक गोष्ट पंच सदस्यांनी मनावर कोरून ठेवावी. मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेसंबंधीचा रमणा दयाराम शेट्टी यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. निविदेत पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती आणि ज्याला काम मिळाले त्याची पात्रता त्या अटीत बसत नव्हती. १९७९ च्या निकालात न्यायालयाने असे सांगितले की, सार्वजनिक संस्थेने जी अट स्वतः घातली ती तिलाही बांधून ठेवते. आपल्या मर्जीने एकाला तिच्यातून सोडता येत नाही, कारण अट पाहून जे मुळात आलेच नाहीत त्यांच्यावर अन्याय होतो. त्या खटल्यात वादीने उशीर केल्यामुळे आणि इतर कारणांमुळे ठेका मात्र रद्द झाला नाही. पण तत्त्व कायम झाले. ‘गावचाच मुलगा आहे, एक कागद राहिला तर काय बिघडले?’ असे सहानुभूतीने म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. अट अनावश्यक वाटत असेल तर ती निविदा काढण्यापूर्वीच गाळावी.

स्वतः पंच सदस्याचा ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भाग असता कामा नये, हेही कायद्याने स्पष्ट केले आहे. त्यावरून सदस्यत्व जाऊ शकते. त्याविषयी अधिक बोलण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न आहे तो फार कमी दरांचा. आठ लाखांच्या अंदाजपत्रकावर एकाने तीस टक्के कमी दर भरला, म्हणजे तो ५ लाख ६० हजारांत काम करावयास तयार आहे. पंचायतीचे २ लाख ४० हजार वाचले म्हणून सभागृहात आनंद होतो. त्या क्षणी कोणीतरी शांतपणे विचारावयास हवे, की हे अडीच लाख कोठून येणार? उत्तर प्रामाणिकही असू शकते. ठेकेदाराची स्वतःची यंत्रे असतील, जवळच त्याचे दुसरे काम चालू असेल, माणसे बसून ठेवण्यापेक्षा कमी नफ्यावर काम घेणे त्याला परवडत असेल. कदाचित अंदाजपत्रकच फुगविलेले असेल. बांधकाम खात्याच्या दरसूचीशी ताडून पाहिले म्हणजे ते कळते. परंतु यांपैकी काहीच नसेल, तर ते अडीच लाख सिमेंटमधून येणार, थराच्या जाडीतून येणार किंवा मजुराच्या रोजातून येणार. म्हणून असामान्य कमी दर देणाऱ्याकडून दरांचे पृथक्करण मागवावे आणि जेथे अटींत तरतूद असेल तेथे जादा सुरक्षा अनामत घ्यावी. उलट बाजूने, सर्वांचेच दर चढे आले तर बोलणी कोणाशी करावयाची? केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ साली या विषयी जे धोरण घालून दिले त्याचा आशय असा की, एरव्ही बोलणी करूच नयेत, आणि अपवाद म्हणून केलीच तर ती केवळ सर्वांत कमी दरवाल्याशी करावीत. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाला खोलीत बोलावून दर ‘जुळवून’ घेणे ही पावणीही नव्हे आणि निविदाही नव्हे.

काम सुरू झाले की गावाचे लक्ष उडते. माझ्या मते खरी पहारेदारी येथूनच सुरू होते. ठेकेदाराला पैसे मिळतात ते मोजमाप पुस्तिकेतील नोंदींवरून. ही साधी दिसणारी वही सरकारी बांधकामातील सर्वांत महत्त्वाचा कागद होय. तिची पाने क्रमांकित असतात, एकही पान फाडावयाचे नसते, चुकलेला आकडा खोडरबराने पुसावयाचा नसतो, तर रेघ मारून सही करावयाची असते. मोजमाप जागेवर जाऊन घ्यावयाचे असते आणि पायासारखे जे भाग पुढे मातीखाली झाकले जाणार, ते झाकण्यापूर्वी मोजावयाचे असतात. २०१७ च्या नियमांत तर अशीही अपेक्षा आहे की, काम करारातील तपशिलाप्रमाणे झाले असून आपले स्वतःचे समाधान झाले आहे, असे प्रमाणपत्र संबंधित अधिकाऱ्याने दिल्यावरच अंतिम रक्कम अदा करावी. स्वतःचे समाधान, हे शब्द हलके नाहीत. गटविकास कार्यालयातील जे अधिकारी येथे बसले आहेत त्यांच्यावर कामांचा किती भार असतो याची मला कल्पना आहे. तरीही कार्यालयात बसून असे समाधान होऊ शकत नाही, हे त्यांनाही मान्य होईल.

जाडीचे एक गणित सांगतो. तीनशे मीटर लांब आणि तीन मीटर रुंद रस्ता म्हणजे नऊशे चौरस मीटर. त्यावर पाच सेंटिमीटरचा डांबरी थर लिहिलेला असेल तर दाबून बसलेला माल ४५ घनमीटर हवा. थर चारच सेंटिमीटर पडला तर ३६ घनमीटर. एक सेंटिमीटर म्हणजे करंगळीच्या रुंदीइतके. डोळ्यांनी ते दिसत नाही, पण नऊ घनमीटर माल, जवळजवळ दोन टिपर, गावात आलाच नाही. देयक मात्र ४५ घनमीटरांचे निघू शकते. एखाद्या शिक्षकाने, एखाद्या निवृत्त गृहस्थाने दिवसाकाठी आलेल्या टिपरांची संख्या वहीत टिपून ठेवली, तर त्या टिपणाइतका निरुपद्रवी आणि तितकाच प्रभावी पहारा दुसरा नाही.

यासाठी कोणाशी भांडण करावयास नको. पंचायतीच्या कामांवर देखरेख ठेवण्यासाठी ग्रामसभेने देखरेख समित्या नेमाव्यात, अशी तरतूद पंचायत राज कायद्यातच आहे. कित्येक ठिकाणी या समित्या कागदावर असतात. सदस्यांनाही आपण सदस्य आहोत हे ठाऊक नसते. पुढच्या ग्रामसभेत ती यादी मोठ्याने वाचून घ्यावी. दुसरे साधन माहितीच्या अधिकाराचे. देशाचा कायदा २००५ साली झाला, पण गोव्याने त्यापूर्वीच १९९७ साली आपला माहिती अधिकार कायदा केला होता, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटावयास हवा. २००५ च्या कायद्याने केवळ कागदांच्या प्रती मिळतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही त्या कायद्याने नागरिकाला दिलेला आहे. पंचायत सचिवांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहावा, दहा रुपये शुल्क भरावे आणि अमुक कामाचे अंदाजपत्रक, तुलनात्मक तक्ता, कार्यादेश व मोजमाप पुस्तिकेतील नोंदी हव्यात, असे नेमके मागावे. ‘गेल्या दहा वर्षांतील सर्व कामांची सर्व माहिती’ असा अर्ज करू नये. त्याने सचिव हैराण होतो आणि अर्जदाराच्या हाती रद्दीचा गठ्ठा पडतो. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. पाया खोदण्याचे काम मात्र आठ दिवसांत संपते, हे लक्षात घेऊन अर्ज कार्यादेश निघताच करावा.

काम पुरे झाल्यावरही ठेकेदाराची सुरक्षा अनामत काही काळ पंचायतीकडेच राहते. या दोषदायित्वाच्या कालावधीत भिंतीला तडा गेला, गटाराचे झाकण फुटले, तर दुरुस्ती त्याच्याच खर्चाने व्हावयाची असते. हा कालावधी करारात लिहिलेला असतो आणि तो एका पावसाळ्याचा तरी अनुभव घेणारा असावा हे उघड आहे. पण तक्रार लेखी आणि मुदतीच्या आत आली पाहिजे. नुसते बोलून दाखविलेल्या तक्रारीवर अनामत अडवून ठेवता येत नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांनी भिंतीच्या ताब्याची तारीख आपल्या दप्तरात नोंदवून ठेवावी आणि सप्टेंबरअखेर एकदा तिच्याभोवती फेरी मारून जे दिसेल ते पंचायतीला लिहून कळवावे.

माझ्या बोलण्याच्या दरम्यान श्रोत्यांतून तीन चिठ्ठ्या आल्या आहेत. त्यांतील दोन एकाच स्मशानभूमीच्या निवाऱ्यासंबंधी आहेत; एक सरपंचांची दिसते आणि दुसरी तक्रारदाराची. दोघेही येथे हजर आहेत, तेव्हा तेथूनच सुरुवात करू. सचिवांनी त्या कामाचे अंदाजपत्रक आणले असल्यास कृपया पुढे द्यावे.